हृदयरोग्याच्या फाइलमधले झोपेचे पान

अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाची फाइल उघडली की त्यात ईसीजी असतो, टू-डी इको असतो, साखर, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिनचे आकडे असतात, कोणत्या धमनीत किती टक्के अडथळा होता याचा अहवाल असतो, आणि आमच्या विदर्भात 'खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाता का, दिवसातून किती' या प्रश्नाचे उत्तरही बहुतेक वेळा लिहिलेले असते. हा माणूस रात्री झोपतो कसा, याची ओळ मात्र क्वचितच सापडते. मी नागपुरात, धंतोलीतील एका खासगी रुग्णालयात स्लीप स्टडीची तंत्रज्ञ म्हणून काम करते. निदान आणि उपचार ठरवणे हे डॉक्टरांचे काम. रात्रभर तारा लावून झोपलेल्या माणसाचा श्वास, नाडी, ऑक्सिजन आणि मेंदूच्या लहरी जागेपणी पाहत बसणे हे माझे. आमच्याकडे येणाऱ्यांत नागपूरचे लोक असतात, तसेच वर्धा, भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बैतूल इकडचेही असतात, आणि त्यांपैकी कित्येकांच्या छातीत आधीच एक-दोन स्टेंट बसलेले असतात.

झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्याचा आणि हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा संबंध आहे, हे आता वैद्यकात कोणी नाकारत नाही. परंतु या संबंधाबद्दल समाजात दोन टोकाच्या समजुती पसरलेल्या मला रोज दिसतात. एक म्हणजे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे, त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. दुसरी, अलीकडे पसरलेली, म्हणजे नाकाला मशीन लावले की हृदयविकाराचा झटका येणारच नाही. या दोन्ही समजुतींनी माणसांचे नुकसान होते, म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडावा असे वाटले.

जागेपणी आपल्या घशाच्या भिंती ताठ राहतात, कारण तिथले स्नायू सतत थोडेफार काम करत असतात. झोप लागली की हे स्नायू सैलावतात. ज्याच्या मानेभोवती चरबी जास्त आहे, ज्याचा खालचा जबडा लहान किंवा मागे आहे, ज्याचे टॉन्सिल मोठे आहेत किंवा ज्याची जीभ उताणे झोपल्यावर मागे पडते, त्याच्या घशातील वाट अरुंद होते. उसाचा रस पिताना कागदी नळी भिजून मऊ झाली की जोराने ओढल्याबरोबर ती चपटी होते आणि रस वर येत नाही. इथेही नेमके तेच घडते, छाती हवा ओढते आणि त्या ओढण्यानेच वाट मिटते. किमान १० सेकंद हवा आत गेली नाही तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात, आणि हवा पुरती बंद न होता बरीच कमी झाली व सोबत ऑक्सिजन घसरला किंवा झोप चाळवली, तर त्याला हायपोप्निया म्हणतात. दर तासाला अशा दोन्ही प्रकारच्या घटना किती झाल्या, हा एएचआय नावाचा आकडा. तो ५ ते १५ असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० असेल तर मध्यम आणि ३० च्या वर गेला की तीव्र समजतात. तीव्र आजार असलेल्या माणसाचा श्वास, म्हणजे, सरासरीने दर दोन मिनिटांना किंवा त्याहूनही लवकर अडतो, आणि हे रात्रभर चालू राहते.

पडद्यावर हे कसे दिसते ते सांगते, कारण हृदयाशी असलेला संबंध मला पुस्तकापेक्षा त्या रेघांतून अधिक नीट कळला. सर्वांत वर मेंदूच्या लहरी, खाली नाकातील हवेची रेघ, तिच्याखाली छातीच्या आणि पोटाच्या पट्ट्यांच्या दोन रेघा, मग नाडी आणि सर्वांत खाली ऑक्सिजन. श्वास अडला की हवेची रेघ सपाट होते, पण छाती आणि पोट थांबत नाहीत. ते धडपडत राहतात आणि त्यांच्या हालचाली एकमेकींच्या उलट होऊ लागतात, पोट वर तर छाती आत. या काळात नाडी बहुधा मंदावते. वीस सेकंद जातात, तीस जातात, कधी कधी मिनिटाच्या आसपास वेळ जातो. मग मेंदूच्या लहरी एकदम उसळतात, माणूस अर्धवट जागा होतो, मोठा घुरका येतो आणि हवेची रेघ पुन्हा उंच उठते. नाडी त्याच क्षणी झपाट्याने वाढते. आणि गंमत अशी की ऑक्सिजनचा सर्वांत कमी आकडा त्यानंतर दिसतो, कारण फुप्फुसातील रक्त बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. नवीन शिकणाऱ्या मुली हे पाहून गोंधळतात, की श्वास तर सुरू झाला, मग ऑक्सिजन आता का पडतो आहे? त्यांना मी तो हिशेब समजावून सांगते. माणसाला सकाळी यातले काहीही आठवत नसते. "झोप छान झाली," असे म्हणून तो तारा काढून घेतो.

आता हृदयाच्या बाजूने या एका घटनेकडे पाहावे. श्वास सुरू होतो त्या क्षणी मेंदूने शरीराला धोक्याची सूचना दिलेली असते, सिंपथेटिक मज्जासंस्था, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सावध करणारी यंत्रणा, जोरात काम करते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब उसळतो, नाडी धावते. हृदयाच्या स्नायूची ऑक्सिजनची गरज जेव्हा सर्वांत जास्त असते, नेमका तेव्हाच रक्तातील ऑक्सिजन तळाला गेलेला असतो. धडधाकट धमन्यांचा माणूस हे सोसतो. ज्याच्या धमनीत आधीच चरबीचा थर साचून वाट निम्मी झाली आहे, त्याच्या हृदयाला या काही सेकंदांत पुरेसे रक्त मिळेलच असे नाही. स्वीडनमधील संशोधकांनी १९९५ साली रात्री छातीत दुखणाऱ्या दहा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या दहापैकी नऊ जणांना स्लीप अ‍ॅप्निया निघाला आणि श्वासाचा उपचार केल्यावर रात्रीचे दुखणे कमी झाले. दहा माणसे ही फार लहान संख्या आहे, परंतु रात्री छातीत कळ येऊन उठणाऱ्या माणसाला झोपेबद्दल विचारायला हवे, एवढे तरी ती शिकवते.

ही झाली एका घटनेची गोष्ट. रात्रीमागून रात्र, वर्षानुवर्षे हे होत राहिले तर धमन्यांवर त्याचा परिणाम निरनिराळ्या वाटांनी होतो. ऑक्सिजन घसरणे आणि पुन्हा एकदम भरून येणे हे चक्र शेकडो वेळा फिरते, आणि प्रत्येक वेळी पेशींमध्ये घातक स्वरूपाचे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात. त्यामुळे धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराला, एंडोथेलियमला, इजा होते, सूज वाढवणारी रसायने वाढतात आणि नायट्रिक ऑक्साइड कमी पडल्याने धमनी सैलावण्याचे काम नीट करत नाही. चरबीचा थर साचण्याची सुरुवात अशाच दुखावलेल्या अस्तरापासून होते. रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. शिवाय मिटलेल्या घशाविरुद्ध छाती जेव्हा जोर लावते तेव्हा छातीच्या पोकळीत मोठा ऋण दाब तयार होतो, त्या ओढीत हृदयाच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या जातात आणि डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीरभर रक्त पाठवणाऱ्या कप्प्याला, रक्त बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सिंपथेटिक मज्जासंस्थेची गोष्ट. अमेरिकेतील आयोवा येथे व्हिरेंड सोमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाच्या मज्जातंतूत बारीक सुई ठेवून या यंत्रणेचे विद्युत संदेश थेट मोजले आणि १९९५ साली ते प्रसिद्ध केले. श्वास अडलेला असताना हे संदेश वाढत जातात, हे अपेक्षितच होते. पण या रुग्णांमध्ये ते दिवसा, जागेपणी, नीट श्वास घेत असतानाही वाढलेलेच आढळले. म्हणजे रात्रीचा ताण रात्रीपुरता राहत नाही. शरीर दिवसाही सावधच राहते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण दहा टक्क्यांहून अधिक खाली उतरतो आणि हृदयाला व धमन्यांना तेवढी विश्रांती मिळते. या रुग्णांमध्ये तो पुष्कळदा उतरत नाही. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्यांच्यात स्लीप अ‍ॅप्नियाचे प्रमाण फार मोठे असते, आणि अमेरिकेच्या २००३ सालच्या रक्तदाबविषयक मार्गदर्शनात, उच्च रक्तदाबाच्या ओळखता येण्याजोग्या कारणांच्या यादीत, स्लीप अ‍ॅप्नियाचे नाव होतेच. उच्च रक्तदाब हा हृदयधमन्यांच्या आजाराचा किती मोठा कारक आहे, हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

मृत्यूच्या वेळेबद्दलचा एक अभ्यास मला विसरता येत नाही. सर्वसाधारणपणे हृदयामुळे अचानक येणारे मृत्यू पहाटेनंतर, सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत जास्त होतात. मिनेसोटातील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी, पूर्वी स्लीप स्टडी झालेल्या आणि नंतर असा अचानक मृत्यू आलेल्या ११२ जणांची माहिती तपासली आणि २००५ साली मांडली. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत गेले होते. आजार नसलेल्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होते. जी वेळ हृदयासाठी सर्वांत सुरक्षित असायला हवी, तीच या माणसांसाठी सर्वांत धोक्याची ठरते. "रात्री झोपेतच गेले, पुण्यवान होते," असे आपल्याकडे म्हणतात. त्या वाक्यामागे घरच्यांना दिलासा असतो आणि तो मी कोणाकडून हिरावून घेणार नाही; पण त्या घरातील मुलाचा गळाही वडिलांसारखाच असेल आणि तोही तसाच घोरत असेल, तर त्याची तपासणी व्हायला हवी, असे मी आवर्जून सांगते.

दीर्घकाळ पाठपुरावा केलेले अभ्यासही याच दिशेला बोट दाखवतात. स्पेनमधील सारागोसा येथे पुरुषांचा सुमारे दहा वर्षे पाठपुरावा करून २००५ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उपचार न घेतलेल्या तीव्र आजाराच्या गटात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू निरोगी पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. त्याच अभ्यासात नुसते घोरणाऱ्या, श्वास न अडणाऱ्या पुरुषांचा धोका लक्षणीय वाढलेला नव्हता, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. घोरणाऱ्या प्रत्येकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. अमेरिकेतील स्लीप हार्ट हेल्थ स्टडीच्या २०१० सालच्या निष्कर्षात, ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ज्यांचा एएचआय ३० किंवा अधिक होता, त्यांना हृदयधमन्यांचा आजार होण्याची शक्यता एएचआय ५ पेक्षा कमी असलेल्यांहून ६८ टक्क्यांनी जास्त आढळली. स्त्रियांमध्ये आणि सत्तरीपुढच्या पुरुषांमध्ये मात्र असा संबंध त्या अभ्यासात दिसला नाही.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा आणि तो योग्य आहे. ज्याला स्लीप अ‍ॅप्निया असतो तो बहुधा स्थूल असतो, त्याला मधुमेह असतो, वय झालेले असते, तो तंबाखू किंवा दारू घेत असतो. मग हृदयाचे दुखणे श्वासामुळे की या बाकीच्या गोष्टींमुळे? संशोधक आकडेमोडीत या गोष्टींचा हिशेब वेगळा काढतात, तरी तो पूर्णपणे वेगळा निघत नाही. त्याचे खरे उत्तर एकाच पद्धतीने मिळू शकते : रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एका गटाला श्वासाचा उपचार द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि काही वर्षे वाट पाहायची.

तो उपचार म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा मार्ग दाखवला : नाकावर मास्क लावायचा, यंत्राने हवेचा सतत हलका दाब द्यायचा आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवायची. श्वास अडणे यामुळे पहिल्याच रात्री थांबते, हे मी कितीतरी वेळा डोळ्यांनी पाहिले आहे. दाब पुरेसा झाला की पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम शांत, समान होतात. एवढे पाहिल्यावर कोणालाही वाटेल की हृदयाचे रक्षण झालेच.

परंतु चाचण्यांनी तसे सांगितले नाही. 'सेव्ह' नावाच्या मोठ्या चाचणीत ४५ ते ७५ वयाचे २,७१७ रुग्ण होते, सर्वांना आधीच हृदयधमन्यांचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता, आणि भाग घेणाऱ्या सात देशांत भारतही होता. २०१६ साली निकाल आला. सरासरी ३.७ वर्षांनंतर सीपॅपच्या गटात १७ टक्के आणि दुसऱ्या गटात १५.४ टक्के लोकांना हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांची गंभीर घटना झाली होती. या दोन्हींत अर्थपूर्ण फरक नव्हता. स्वीडनमधील २४४ रुग्णांच्या चाचणीत, ज्यांच्या धमन्यांवर अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली होती आणि ज्यांना दिवसा झोप येत नव्हती, त्यांच्यातही एकंदरीत फरक दिसला नाही. स्पेनमध्ये हृदयविकाराचा तीव्र त्रास होऊन दाखल झालेल्या रुग्णांवरील चाचणीचा २०२० सालचा निकालही असाच होता.

या निकालांनी माझ्या क्षेत्रातील अनेकजण निराश झाले, आणि काहींनी त्यांकडे पाठही फिरवली. माझ्या मते ते नीट समजून घेण्याजोगे आहेत. सेव्हमधील रुग्णांनी मशीन रात्रीला सरासरी ३.३ तासच वापरले. माणूस सात तास झोपत असेल तर निम्म्याहून जास्त रात्र तो उपचाराशिवायच राहिला, आणि झोपेचा जो भाग श्वासासाठी सर्वांत कठीण असतो, म्हणजे स्वप्नांची झोप, ती रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. मास्क बहुधा तोपर्यंत उशाशी गेलेला असतो. दुसरे असे की दिवसा फार झोप येणाऱ्या किंवा ऑक्सिजन खूप घसरणाऱ्या रुग्णांना उपचाराविना ठेवणे नैतिक नाही, म्हणून त्यांना या चाचणीत घेतलेच नव्हते. फायदा होण्याची शक्यता ज्यांच्यात सर्वांत जास्त, तेच बाहेर राहिले. तिसरे, एएचआय हा आकडा घटना मोजतो, त्यांची खोली मोजत नाही. तासाला तीस वेळा ऑक्सिजन ९५ वरून ९१ वर येणे आणि तीस वेळा ७२ वर जाणे, या दोन्हींचा एएचआय सारखाच लिहिला जातो. म्हणूनच आता संपूर्ण रात्रीत ऑक्सिजन किती खोल आणि किती वेळ घसरला याचा एकत्रित हिशेब, ज्याला हायपॉक्सिक बर्डन म्हणतात, अधिक उपयोगी मानला जाऊ लागला आहे.

स्वीडनच्या चाचणीत रात्री चार तास किंवा अधिक मशीन वापरणाऱ्यांना धोका कमी आढळला, हे खरे. तरीही त्यावरून मोठा दावा करणे मला पटत नाही. जो माणूस रोज न चुकता मास्क लावतो, तोच गोळ्याही वेळेवर घेतो, तोच अंबाझरीला सकाळी फिरायला जातो आणि तोच खर्रा सोडतो. त्याचे भले कशामुळे झाले, हे कसे ठरवणार? म्हणून 'मशीन घ्या म्हणजे हार्ट अटॅक येणार नाही' असे जेव्हा विक्रेता घरच्यांना सांगतो, तेव्हा मला त्याचा राग येतो. घाबरलेल्या कुटुंबाच्या खिशाला त्यामुळे मोठा खड्डा पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे काही रुग्ण मशीनच्या भरवशावर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करतात. स्टेंट बसलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता रक्त पातळ करणारी गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते.

मग हृदयरोग्याने झोपेची तपासणी कशासाठी करावी? कारण उपचाराचे जे फायदे सिद्ध आहेत ते लहान नाहीत. दिवसाची पेंग जाते, मन ताळ्यावर येते, आणि ज्याची नोकरी समृद्धी महामार्गावर रात्री गाडी चालवण्याची आहे, त्याच्यासाठी पेंग जाणे म्हणजे स्वतःचा आणि इतरांचा जीव वाचणे आहे. रक्तदाब सरासरीने दोन-तीन मिलिमीटरच उतरतो, पण ज्यांचा रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही त्यांच्यात हा फायदा अधिक दिसतो. आणि अचूक निदान झाले की हृदयरोगतज्ज्ञाला रक्तदाब का उतरत नाही, रात्री ठोके का चुकतात, याचे कारण हाती लागते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ सालच्या निवेदनात म्हटले आहे की उच्च रक्तदाब, हृदयधमन्यांचा आजार, हृदयाची कमजोरी, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) अशा रुग्णांत स्लीप अ‍ॅप्नियाचे प्रमाण ४० ते ८० टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि तरीही तो पुरेसा ओळखला जात नाही.

तो ओळखला का जात नाही, याचे एक कारण हृदयरोग्यांची तक्रारच वेगळी असते. दिवसा झोप येते असे त्यांतील पुष्कळजण सांगत नाहीत. थकवा सांगतात, सकाळी डोके जड असल्याचे सांगतात, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते असे सांगतात आणि ते सारे वयावर, मधुमेहावर किंवा प्रोस्टेटवर ढकलले जाते. स्त्रियांच्या बाबतीत तर निदान आणखी मागे पडते. पाळी थांबल्यानंतर हा आजार त्यांच्यात वाढतो, पण त्या 'झोप लागत नाही, अंगात त्राण नाही' असे सांगतात आणि हाती झोपेची गोळी घेऊन परततात, जिच्यापैकी काही प्रकार घसा आणखी सैल करतात. बायकोच्या घोरण्याबद्दल नवरा चारचौघांत बोलत नाही आणि ती स्वतः तर कधीच बोलत नाही. मुंबईतील डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ साली ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत १९.५ टक्के पुरुषांना झोपेतील श्वासाचा दोष आढळला आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा अतिझोपही होती. आपल्याकडे जबड्याची ठेवण अशी आहे की फारसा लठ्ठ नसलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो, त्यामुळे 'मी कुठे जाडा आहे' हे उत्तर पुरेसे नाही.

निदान मागे पडायला नागपुरात एक हंगामी कारणही आहे. एप्रिल-मेमध्ये खोलीत मोठा कूलर रात्रभर घरघरत असतो आणि त्या आवाजात शेजारच्या पलंगावरचा थांबलेला श्वास कोणालाच ऐकू जात नाही. घोरणाऱ्याला घरच्यांनी समोरच्या खोलीत झोपायला पाठवलेले असेल तर साक्षीदारच उरत नाही. मी पत्नीला विचारते, "रात्री यांचा श्वास थांबतो का?" तेव्हा गावाकडच्या एखाद्या काकू हमखास म्हणतात, "यायले तं पडल्या पडल्या झोप लागते जी मॅडम, चांगलेच घोरते!" मग मी विचारते, घोरणे मधेच एकदम बंद होते का, आणि थोड्या वेळाने दचकून, गुदमरल्यासारखे सुरू होते का? इथे त्या थांबतात, नवऱ्याकडे पाहतात आणि मान हलवतात. पुष्कळ वेळा तपासणीची खरी सुरुवात त्या मान हलवण्यापासून होते. फोनवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला तरी फार उपयोग होतो.

करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या बोटावरच्या ऑक्सिमीटरबद्दल वारंवार विचारणा होते. जागेपणी एकदा लावून ९८ दिसले म्हणजे रात्री सर्व ठीक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. रात्रभर नोंद ठेवणारे यंत्र वेगळे असते. सर्वांनाच रुग्णालयात येऊन झोपण्याची गरज नसते, घरी नेण्याजोग्या यंत्रावरही पुष्कळांची तपासणी होते, मात्र हृदयाची कमजोरी असलेल्यांची पूर्ण तपासणी रुग्णालयातच केलेली बरी, कारण त्यांच्यात मेंदूकडूनच श्वासाचा संदेश न जाण्याचा वेगळा प्रकारही असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत तपासणी केली तर आकडा फुगलेला येण्याची शक्यता असते. प्रकृती स्थिरावल्यावर केलेली तपासणी अधिक भरवशाची.

उपचार म्हणजे फक्त मशीन, असेही नाही. वजन दहा टक्के उतरले तर एएचआय साधारण पाव हिश्श्याने कमी होतो, असे अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात दिसले आहे. काहींचा आजार मुख्यतः उताणे झोपल्यावरच असतो, त्यांना कुशीवर झोपण्याची सवय पुरते. सौम्य आणि मध्यम आजारात जबडा पुढे धरून ठेवणारे दातांचे साधन उपयोगी पडते. रात्रीची दारू मात्र सर्वांनीच सोडावी. तिच्याने घसा सैल होतो आणि मेंदूची जाग उशिरा येते, म्हणजे प्रत्येक अडथळा लांबतो.

ज्यांना सीपॅप दिला आहे त्यांच्यासाठी, इथल्या हवेपुरते थोडे. आपल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ह्युमिडिफायरशिवाय (हवेला ओलावा देणाऱ्या भागाशिवाय) मशीन लावले तर दोन-तीन दिवसांत नाक चोंदते, कधी रक्तही येते आणि माणूस मास्क कायमचा काढून ठेवतो. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालावे, नळाच्या पाण्याचा क्षार आत जमतो. कूलर असलेल्या खोलीत ओलावा आधीच असतो, तिथे ह्युमिडिफायर कमी ठेवावा, नाहीतर नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. पहिले काही दिवस दुपारी टीव्ही पाहताना मास्क लावून बसले की रात्रीची धास्ती कमी होते. गालावर वळ उठत असतील तर पट्टे घट्ट आहेत किंवा माप चुकले आहे; माप बदलून मिळते, सोसत बसू नये. मशीन रात्री किती तास चालले याची नोंद त्यातच होते, ती हृदयरोगतज्ज्ञांच्या भेटीला जाताना सोबत न्यावी.

बायपास किंवा दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना स्लीप अ‍ॅप्नियाबद्दल आधीच सांगावे, निदान झालेले नसले तरी घोरणे आणि श्वास अडकणे सांगावे. भूल आणि वेदनाशामक औषधांच्या प्रभावाखाली घसा अधिकच सैल होतो, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री ज्या माणसाला मशीनची सर्वांत जास्त गरज असते, त्याचे मशीन बहुतेक वेळा घरी कपाटात राहिलेले असते. दाखल होताना कपड्यांच्या पिशवीबरोबर ते मशीन, मास्क आणि शेवटच्या स्लीप स्टडीचा अहवाल घ्यावा, आणि वॉर्डातील सिस्टरला ते कसे लावायचे, दाब किती ठरवला आहे, हे घरच्या एका माणसाने त्याच दिवशी दाखवून ठेवावे.